फाईल म्हणजे कागद नव्हे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या आधीच्या दोन पुष्पांत मधुमेह आणि मृत्युपत्र हे विषय झाले. दोन्ही वेळा खुर्च्या कमी पडल्या. आज संगणकाची सुरक्षितता हा विषय आहे आणि मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसताहेत. हरकत नाही, मी पुढच्या रांगांशी बोलतो. त्या मागच्यांना घरी जाऊन सांगतील.

ओटीपी कुणाला सांगू नका, पोलीस असल्याचं सांगणाऱ्याच्या व्हिडिओ कॉलला घाबरू नका, हे आता आपल्याला पाठ झालंय. म्हणून ते मी पुन्हा सांगणार नाही. ज्याच्याकडे आपण कधी संशयाने बघत नाही, अशा गोष्टीबद्दल बोलणार आहे. वर्ड, एक्सेल आणि मेल उघडायचं आउटलुक. कार्यालयांतल्या संगणकांची देखभाल हे माझं काम होतं, आणि त्यात सगळ्यात जास्त त्रास या तीन साध्यासुध्या मंडळींमधूनच आलेला मी पाहिला.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. तेव्हाचं दप्तर म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात सभासद नोंदवही, नामनिर्देशनाचे अर्ज, सभेची इतिवृत्तं, पावतीपुस्तकं. किल्ली सचिवांकडे. आज ते सगळं ऑफिसातल्या एका संगणकात आहे. मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, इतिवृत्त वर्डमध्ये. शिवाय तेव्हा नव्हत्या अशाही गोष्टी आहेत: भाडेकरूंचे करारनामे, आधार आणि पॅनच्या प्रती, घरात कोण एकटं राहतं याची ज्येष्ठ नागरिकांची यादी. कपाट फोडायला चोराला गेटमधून आत यावं लागायचं. संगणकातलं कपाट फोडायला एक फाईल आत आली तरी पुरते.

आता तुम्ही म्हणाल, फाईल कशी काय फोडेल? फाईल म्हणजे कागदच ना?

नाही. माझा आजचा मुद्दा तेवढाच आहे. कागद पडून राहतो. वाचला तर वाचला, नाही तर नाही. फाईल मात्र आपण उघडली की वर्ड किंवा एक्सेल हा प्रोग्राम तिच्यातल्या सूचना वाचतो आणि त्याप्रमाणे कामाला लागतो. ही ओळ ठळक कर, हे चित्र इथे लाव, या रकान्याची बेरीज कर. म्हणजे फाईल ही आपल्या संगणकाला दिलेल्या कामांची यादी असते, आणि ती यादी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली असते. त्यात नको ते काम घुसवायचे दोन मार्ग आहेत. एकात आपली परवानगी लागते, दुसऱ्यात लागत नाही.

पहिला मार्ग म्हणजे मॅक्रो. मॅक्रो हा फाईलच्या पोटात ठेवलेला छोटा प्रोग्राम. तो मुळात वाईट नाही. आपली सगळ्या सदनिकांची बिलं एका बटणावर तयार होतात, ती मॅक्रोमुळेच. पण जो बिलं करू शकतो, तो फाईली पुसूही शकतो आणि मेलही पाठवू शकतो. १९९५ साली 'कॉन्सेप्ट' नावाचा वर्डमधला मॅक्रो व्हायरस पसरला. त्याने नुकसान काही केलं नाही. पडद्यावर एक चौकट यायची आणि तिच्यात फक्त १ हा आकडा. पण कागदपत्राच्या फाईलमधून व्हायरस पसरू शकतो, हे त्याने जगाला दाखवून दिलं.

चार वर्षांनी, २६ मार्च १९९९ ला 'मेलिसा' आली. वर्डची फाईल उघडली आणि मॅक्रो चालला, की ती आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवायची, आणि मेलच्या विषयात लिहायची की अमक्याकडून महत्त्वाचा निरोप आहे. अमका म्हणजे तुमच्या ओळखीचा माणूस. मेल इतकी तुंबली, की मोठमोठ्या कंपन्यांना काही काळ आपली मेल बंद ठेवावी लागली. ती लिहिणाऱ्या डेव्हिड स्मिथला अमेरिकेत २० महिन्यांची कैद झाली.

मग मे २०००. म्हणजे आपल्या सोसायटीचं जन्मवर्ष. फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' अशा विषयाची मेल निघाली. सोबत प्रेमपत्र असावं अशा नावाची फाईल. नावावरून साधा मजकूर वाटायचा, कारण नावाची खरी शेपटी विंडोज लपवून ठेवायचं. ती फाईल म्हणजे प्रोग्राम होता आणि तो आउटलुकमधल्या सगळ्याच पत्त्यांवर जायचा. त्या वेळी फिलिपिन्समध्ये अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे ज्याला पकडलं त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला तो त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला.

या दोन्ही गोष्टींत एक साम्य बघा. मेल ओळखीच्या माणसाकडून आलेली होती. अनोळखी माणसाला आपण दारातच अडवतो. शेजाऱ्याला 'या, बसा' म्हणतो.

हे जुनं झालं असं समजू नका. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज काही तास गेली. हल्लेखोर वीज कंपन्यांच्या जाळ्यात शिरले होते ते काही महिने आधी, मेलने आलेल्या ऑफिसच्या फाईलमधल्या मॅक्रोतून. फाईल उघडणाऱ्याला पडद्यावर विचारलं गेलं, मॅक्रो चालू करायचा का? त्याने 'हो' म्हटलं.

आता दुसरा मार्ग. इथे 'हो-नाही' विचारलंच जात नाही. कारण इथे प्रोग्राममध्येच फट असते.

वर्डमध्ये गणिताची समीकरणं लिहिण्यासाठी 'इक्वेशन एडिटर' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसमध्ये समीकरणांची नवी सोय दिली. पण लोकांच्या जुन्या फाईली उघडल्या पाहिजेत म्हणून जुना एडिटरही तसाच ठेवला. माळ्यावरचा जुना पंखा, असू दे म्हणून ठेवतो तसा. नोव्हेंबर २०१७ मध्ये संशोधकांनी त्यातली फट जाहीर केली. त्या प्रोग्रामवरची तारीख होती नोव्हेंबर २०००. म्हणजे आपली सोसायटी आणि ती फट एकाच वयाच्या. १७ वर्षं ती करोडो संगणकांत बसून होती.

फट काय होती? आपला सभासदत्वाचा फॉर्म आठवा. नावासाठी ठरावीक चौकटी असतात आणि खाली एक भाग असतो, 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी'. तिथे जे लिहिलं जाईल ते कारकून निमूट करतो. समजा, कुणी मुद्दाम इतकं लांबलचक नाव लिहिलं, की अक्षरं चौकटी ओलांडून त्या खालच्या भागात उतरली. आणि तिथे नेमकी अशी पडली, की 'यांना तिजोरी उघडून द्यावी' असं वाचता यावं. कारकुनाला काय, हुकूम दिसला, पाळला. इक्वेशन एडिटरमध्ये हेच होतं. समीकरणातल्या फॉन्टचं नाव किती लांब आहे, हे तो मोजतच नव्हता. फाईल उघडली की काम झालं. मॅक्रोची सूचना नाही, काही नाही.

दुरुस्ती आली तेव्हा जाणकारांनी ती तपासली. मूळ लिखाणात बदल करून प्रोग्राम नव्याने बांधलेला दिसेना. तयार प्रोग्राममध्येच थेट ठिगळ लावल्यासारखं दिसत होतं. बिल्डरकडून प्लंबिंगचं ड्रॉइंग मिळालं नाही की आपण भिंत फोडून पाइप जोडतो, तसंच हे. पुढे त्याच एडिटरमध्ये आणखी फट सापडली आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला.

आणखी दोन उदाहरणं देतो आणि हा भाग संपवतो. मे २०२२ च्या अखेरीस 'फोलिना' नावाची फट उघड झाली. वर्डची फाईल बाहेरच्या सर्व्हरवरून एक पान ओढून आणायची आणि ते पान विंडोजमधल्याच अडचणी शोधायच्या साधनाला हवं ते काम सांगायचं. मॅक्रो बंद असले तरी. फाईल विशिष्ट प्रकारची असेल तर ती उघडायचीही गरज नव्हती; फोल्डरमध्ये तिची झलक दिसली तरी पुरत होतं. दुरुस्ती आली १४ जूनला. आणि मार्च २०२३ मध्ये आउटलुकमधली फट दुरुस्त झाली, ती तर आणखी विचित्र. समोरचा एक भेटीची आठवण पाठवायचा आणि तिच्यासाठी वाजवायचा आवाज आपल्या सर्व्हरवर ठेवायचा. आउटलुक बिचारं तो आवाज आणायला तिकडे जायचं आणि जाताना तुमच्या लॉग-इनची सांकेतिक ओळख देऊन यायचं. तुम्ही मेलला हातही लावलेला नसायचा.

हे ऐकून काही जण म्हणतील, मग काय करायचं, संगणक बंद करून ठेवायचा? नाही. इथेच खरी गोष्ट सुरू होते. फटी सापडत राहणार. माणसांनी लिहिलेलं आहे, त्यात चुका असणारच. पण दुरुस्तीही येते. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्यांचा गठ्ठा देतं. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. प्रश्न असा, की आलेली दुरुस्ती आपण लावतो का?

मे २०२० मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने आणि एफबीआयने २०१६ ते २०१९ या काळात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या १० फटींची यादी दिली. त्यात इक्वेशन एडिटरची फट होती. एप्रिल २०१२ मध्ये दुरुस्त झालेली ऑफिसची आणखी एक फटही होती. म्हणजे दुरुस्ती फुकट मिळून ७ वर्षं झाली, तरी चोर त्याच दारातून ये-जा करत होते, कारण लोकांनी ती लावली नव्हती.

इमारत १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हे आपल्या उपविधीत आहे. आपण ते केलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, त्यासाठी वर्गणी काढताना भांडलोही. संगणकाच्या वयाचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. तो ठेवायला हवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० आणि ऑफिस २०१६, ऑफिस २०१९ यांचा आधार अधिकृतपणे संपला. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी नोंदणी करून आणखी एक वर्ष दुरुस्त्या मिळवायची सोय देण्यात आली. ऑफिसच्या त्या दोन आवृत्त्यांना तशी सोय नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत याच आवृत्त्या आहेत. त्या चालतील, बिघडणार नाहीत. पण आता सापडलेली फट तशीच उघडी राहील.

आणखी एक अवघड विषय. दुकानदाराने 'टाकून दिलेलं' फुकटचं ऑफिस. त्यात दुरुस्त्या येऊ नयेत अशी व्यवस्था बहुधा आधीच केलेली असते, कारण दुरुस्ती आली तर चोरी उघडी पडेल. शिवाय कुलूप तोडणारा जो छोटा प्रोग्राम सोबत टाकतात, त्याच्या पोटात काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. परवडत नसेल तर लिब्रेऑफिस वापरा. ते कायदेशीररीत्या मोफत आहे आणि मराठी टाइप करायला उत्तम आहे. पण तेही निर्दोष नाही. २०१९ मध्ये त्यात मुलांना चित्रं काढायला शिकवण्यासाठी दिलेल्या साधनातूनच फट निघाली होती. तिथेही नवी आवृत्ती लावायला हवीच.

नेहमी येणारी शंका अशी: "अहो, आमच्या संगणकात चोरण्यासारखं आहे काय? नातवाचे फोटो आणि भजनांची यादी!" त्याचं उत्तर 'इमोटेट' या टोळीने दिलंय. ती एखाद्याच्या संगणकात शिरली की त्याच्या जुन्या मेल उचलायची आणि त्याच संभाषणाला उत्तर म्हणून पुढच्या माणसाला वर्डची फाईल पाठवायची. तुम्ही जोशीकाकूंना सहलीबद्दल लिहिलं होतं, तर त्याच सहलीच्या मेलवर 'सोबतची फाईल बघा' असं त्यांना तुमच्या नावाने उत्तर येणार. जोशीकाकू का नाही उघडणार? जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्यांचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते परत सुरू झालं. तेव्हा तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे ते हे: लोकांचा तुमच्या नावावरचा विश्वास.

हे आपल्यापासून लांब नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास आपल्या ऑफिसात एक मेल आली. लिफ्टच्या देखभालीचं सुधारित दरपत्रक, वर्डमध्ये. पाठवणाऱ्याचा पत्ता नेहमीचाच. फाईल उघडल्यावर आत दर नव्हतेच. 'मजकूर बघण्यासाठी वरचं एनेबल कंटेंट हे बटण दाबा' असं एक चित्र होतं. हिशेब बघणाऱ्या आपल्या ताईंनी ते दाबलं नाही. त्यांनी मेलमधल्या नंबरवर फोन केला नाही, जुन्या बिलावरचा नंबर काढून तिथे केला. समोरच्यांना असल्या दरपत्रकाचा पत्ताच नव्हता. त्यांची मेल कुणीतरी बळकावली होती. या चौकशीत दिवस गेला, लिफ्टचं काम एक दिवस पुढे गेलं, आणि आपल्यातल्याच काहींनी 'एवढं काय घाबरायचं' म्हणून ताईंना सुनावलं.

मंडळी, त्या दिवशी ४ विंगच्या सगळ्या घरांची कागदपत्रं वाचली ती त्या एका फोनमुळे. २०११ मध्ये आरएसए या नामांकित सुरक्षा कंपनीत शिरकाव झाला, तो एका कर्मचाऱ्याने नको असलेल्या मेलच्या फोल्डरमधून बाहेर काढून उघडलेल्या एक्सेल फाईलमुळे. नाव होतं भरतीच्या योजनेचं. इतरांना सुरक्षा विकणाऱ्या कंपनीत जे घडलं, ते आपल्या ऑफिसात ताईंनी घडू दिलं नाही. तेव्हा माझी पहिली विनंती पैशाची नाहीच. ऑफिसातलं कुणी 'थांबा, आधी फोन करून बघते' म्हणालं, तर कृपया घाई करू नका आणि आवाज चढवू नका.

बाकीच्या गोष्टी मुद्द्यांनी सांगतो.

१. बाहेरून आलेल्या फाईलवर विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, आपल्या वॉचमनच्या पाहुण्यांच्या पाससारखी. ती चिठ्ठी बघून वर्ड फाईल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडतं आणि वर पिवळी पट्टी दिसते. म्हणजे पाहुण्याला लॉबीत बसवलंय, घरात घेतलेलं नाही. नुसतं वाचायचं असेल तर ते तिथेच वाचा. पट्टीवरचं बटण सवयीने दाबू नका.

२. पेनड्राइव्हवरून आलेल्या फाईलवर ही चिठ्ठी बहुधा राहत नाही. त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर अधिक लक्ष ठेवा.

३. २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो नव्या ऑफिसमध्ये आपोआप अडवले जातात. ते चालू कसे करायचे हे कुणी पायरी-पायरीने समजावून सांगत असेल, तर तिथेच थांबा. आपल्या बिलांची एक फाईल सोडली तर सोसायटीत कुणालाही मॅक्रोची गरज नाही.

४. अपडेटची सूचना आली की 'नंतर' म्हणू नका. घरी हे काम एखाद्या नातवाकडे किंवा नातीकडे सोपवा. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी.

५. एक्सेलच्या शीटला 'प्रोटेक्ट' केलं की माहिती सुरक्षित झाली, असा समज आहे. ते फक्त चुकून खाडाखोड होऊ नये म्हणून असतं. खरं कुलूप हवं असेल तर फाईल उघडतानाच पासवर्ड मागेल अशी व्यवस्था करा.

६. बँक खात्याचा नंबर बदलल्याचं पत्र फाईलमधून आलं, तर फोन केल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि कार्यकारिणीला तीन विनंत्या आहेत. ऑफिसच्या संगणकासाठी आधार चालू असलेली आणि रीतसर घेतलेली प्रणाली घ्यावी. दप्तराची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून जुन्या लोखंडी कपाटात ठेवावी. ते कपाट अजून भक्कम आहे. आणि ज्या आधार-पॅनच्या प्रतींचं काम संपलंय, त्या पुसून टाकाव्यात. जे ठेवलेलंच नाही, ते चोरीला जात नाही.

या तिन्ही गोष्टींना मिळून जो खर्च येईल तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. रंगकामाच्या चर्चेला आपण दोन तास देतो. याला वीस मिनिटं द्यावीत, एवढंच मागणं आहे. ज्यांना आपला संगणक तपासून हवा असेल, त्यांनी रविवारी सकाळी १० नंतर तो घेऊन क्लब हाऊसमध्ये यावं. आपल्या इमारतीतली दोन कॉलेजची मुलं आणि मी, असे तिघे बसू. चहाची सोय महिला मंडळाने आनंदाने अंगावर घेतली आहे.